नोंदणीकृत क्रमांक

मयूरी शेजुळला स्वतःचा मोबाईल नंबर पाठ नव्हता.

यात बुद्धीचा काही दोष नव्हता. जालन्यातल्या एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेत ती वरिष्ठ विश्लेषक होती. मूठभर सोयाबीन तळहातावर घेतलं की त्यात ओलावा किती टक्के आहे हे ती मीटर लावायच्या आधी सांगायची, आणि मीटर मागाहून तिच्याशी सहमत व्हायचं. पण कुणी नंबर विचारला की तिच्या तोंडून यायचा तो विश्वजितचा, म्हणजे नवऱ्याचा. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. गॅसला तोच नंबर, बँकेला तोच, मुलीच्या शाळेला, दुधाला, नळाच्या तक्रारीला तोच. स्वतःचा नंबर लागतो कुठे? स्वतःला कोण फोन करतं?

साल २०४३ होतं. मोटारी आपोआप चालत होत्या, वकिलांची निम्मी कामं यंत्रं करत होती आणि उरलेली निम्मी बिघडवत होती. फॉर्मवर मात्र मोबाईल क्रमांकाचा रकाना होता आणि त्या क्रमांकावर ओटीपी येत होता. काही गोष्टींना भविष्यकाळ लागू होत नाही.

मयूरीला दोन वर्षांपासून एक त्रास होता. तो तिनं कुणाला सांगितला नव्हता, कारण घरात उच्चारता येईल असं त्याला नावच नव्हतं. गुडघा दुखला तर गुडघा म्हणता येतं. वय अठ्ठेचाळीस. पाळी दोन-दोन महिने गायब व्हायची आणि मग न कळवता आलेल्या पाहुण्यासारखी बॅग घेऊन दारात उभी राहायची. बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या. एवढं सगळं बोलता यायचं. प्रयोगशाळेतल्या बायका डब्याच्या वेळी बोलायच्याच. पण आत, खाली, जो कोरडेपणा आला होता त्याच्यापाशी आलं की सगळ्या बायकांना एकदम लोणच्याची आठवण व्हायची. चालताना काचायचं. लघवी झाल्यावर आग व्हायची. आणि रविवारी दुपारी तर फारच.

रविवार दुपार हा शेजुळांच्या घरचा जुना रिवाज होता. मुलगी अन्वी लहान असताना रविवारी दुपारी चित्रकलेच्या वर्गाला जायची. आता ती बंगळुरूला शिकत होती, चित्रकला कधीच सुटली होती, रिवाज तेवढा राहिला होता. अलीकडे त्या वेळी मयूरीला आतून काचकागद फिरवल्यासारखं वाटायचं. ती छताच्या पंख्याकडे बघत मनातल्या मनात सोयाबीनचे दाणे मोजायची. उगवण चाचणीला चारशे दाणे लागतात, शंभर-शंभरच्या चार वाट्यांत. साधारण दुसऱ्या वाटीच्या शेवटी सुटका व्हायची. मध्ये एकदा विश्वजित विचारायचा, "बरं वाटतंय ना?"

"हो," मयूरी म्हणायची. ज्या आवाजात बँकेत "इथं सही करायची का" असं विचारून सही करायची, त्याच आवाजात.

पुढे पुढे दुखणंही लांबचं वाटायला लागलं. शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा, कुणीतरी रडत असावं, पण मालिका कोणती ते कळू नये, तसं. सुन्नपणाची एक गोष्ट चांगली असते, तो त्रास देत नाही. वाईट एवढीच की तो दिलेल्या जागेत राहत नाही. आधी त्यानं रविवार घेतला, मग फोडणीचा वास घेतला, मग अन्वीचा फोन आल्यावर जे काही आत हलायचं ते घेतलं. मयूरीनं हे पाहिलं आणि एखाद्या पोत्यावर लेबल लावावं तसं मनात नोंदवलं. वाईट वाटायला हवं होतं. ते काही आलं नाही.

लघवीच्या जंतुसंसर्गाची तिसरी खेप झाली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सरोज म्हस्केनं तिला जवळजवळ ओढतच डॉक्टर नसीमा काझींकडे नेलं. बाहेरच्या खोलीत नावं पुकारायला गवळी मावशी होत्या. त्यांचा आवाज पूर्वी बाजार समितीत लिलाव पुकारण्यात तयार झाला होता.

"कोरडेपणा कोण हाय?" मावशींनी दारातून विचारलं.

बसलेल्यांपैकी चौघी उठल्या. मग चौघीही बसल्या.

आत डॉक्टर काझींनी तपासलं आणि हातमोजे काढता काढता विचारलं, "संबंधाच्या वेळी दुखतं?"

"चालतं," मयूरी म्हणाली.

"'चालतं' हे उत्तर मी चपलेबद्दल ऐकून घेते. दुखतं का?"

मयूरीनं भिंतीवरच्या गर्भाशयाच्या चित्राकडे बघून मान हलवली.

डॉक्टरांनी कागद ओढून रेघा मारत समजावलं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं शरीरातलं इस्ट्रोजेन वरखाली होतं आणि शेवटी कमी होतं. योनीच्या आतलं अस्तर त्याच्यावर जगतं. ते कमी झालं की अस्तर पातळ होतं, तिकडचा रक्तपुरवठा घटतो, नैसर्गिक ओल घटते. दही लावणाऱ्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी काही भले जंतू तिथं राहून थोडं आंबट वातावरण टिकवतात. तेही निघून जातात आणि मग नको ते जंतू येतात. म्हणून आग, खाज, वरचेवर लघवी, दुखणं.

"दर दोघींत एकीला होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि दहांतल्या नऊजणी तुमच्यासारख्या चित्राकडे बघतात. गरम वाफा काही वर्षांनी आपसूक थांबतात. हे थांबत नाही, उपचार केले नाहीत तर वाढतं. सुगंधी साबण, वॉश, सगळं बंद करा. ती जागा देव्हारा नाही, तिथं वास दरवळायची गरज नाही. संबंधाच्या वेळी हे जेल. आणि कायमचं म्हणाल तर ही सखी."

सरकारी योजनेतल्या बायकांच्या वस्तूचं नाव एकतर जननी असतं नाहीतर सखी. इथं जननी चालण्यासारखं नव्हतं. सखी म्हणजे बांगडीपेक्षा लहान, मऊ, लवचीक रिंग होती. आत बसवली की कळायचीही नाही. ओलसर ऊतीतून वीज सहज वाहते, कोरड्यातून अडखळते. सखी अगदी क्षीण वीज सोडून ओल मोजायची, आम्लता मोजायची, आणि दुखल्यावर भोवतीचे स्नायू आपोआप आवळतात तो ताणही मोजायची. त्यावरून लागेल तेवढंच, थेंबाच्या हजाराव्या हिश्शाइतकं इस्ट्रोजेन तिथल्या तिथं झिरपवायची. या सगळ्याचा तिनं एक आकडा केला होता, अस्वस्थता निर्देशांक, शून्य ते शंभर. तो रोज सकाळी फोनवर यायचा, आणि आकड्यानं अचानक उसळी मारली की लगेच यायचा.

"फरक पडायला सहा-आठ आठवडे लागतील. मेसेज वाचत राहा. आकडा विसाच्या खाली आला की बरं झालं समजा," डॉक्टरांनी सांगितलं.

बाहेर गवळी मावशींनी फॉर्म पुढे केला. नाव, वय, मोबाईल क्रमांक. मयूरीनं लिहिलं. तिचं अक्षर फार सुंदर होतं.

मेसेज काही आले नाहीत. मयूरीनं आठवडाभर वाट पाहिली आणि मग सरकारी वस्तू आहे, एवढी आत जाऊन बसली हेच पुष्कळ, असं म्हणून नाद सोडला.

त्यानंतर घरात काही बारीकसारीक बदल झाले. पहिले दोन रविवार पाळीत गेले. तिसऱ्या रविवारी नेहमीचं झाल्यावर विश्वजित उठला, फोन बघत खिडकीपाशी थोडा वेळ उभा राहिला आणि न सांगता चहा करायला गेला. बावीस वर्षांत त्यानं त्या वेळी चहा केला नव्हता. चहात साखर दोनदा पडली होती. मयूरीनं तो पाक पिऊन टाकला. पुढच्या रविवारी त्याला मोजणीचं काम निघालं. त्याच्या पुढच्याही. तो भूमापक होता. जमीन आता ड्रोन मोजायचं, पण ड्रोननं काढलेली हद्द कुठल्याच भावाला पटत नाही. म्हणून खात्यानं विश्वजितला लाल-पांढरा दांडा हातात देऊन उन्हात उभं राहण्यासाठी ठेवलं होतं. माणूस घामाघूम दिसला की लोकांचा मोजमापावर विश्वास बसतो.

न्हाणीघरातला गुलाबाचा साबण नाहीसा झाला. त्या जागी पांढरी, बिनवासाची वडी आली. मग गुलाब परत आला. मग पुन्हा पांढरी वडी आली आणि तीच राहिली. एके दिवशी कपाटात सुती आतल्या कपड्यांचा नवा संच दिसला. "सेल होता," विश्वजित म्हणाला आणि पेपर उलटा धरून वाचू लागला.

मयूरीची आग थांबली. काचणं थांबलं. ती आता जिना चढताना कठडा धरत नव्हती. मात्र नवऱ्यानं आपल्याला हात लावायचं बंद केलं आहे, हेही तिच्या लक्षात आलं होतं. दुसरी कुणी असेल का, असा एक विचार तिनं करून पाहिला. विश्वजितकडे बघता तो फार टिकला नाही. नको झाले असू आपण, एवढं तिनं ठरवलं. ठरवल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटतंय याची थोडी भीती वाटली. भीतीही लवकरच गेली.

तिच्या कामात एक प्रकार असतो. उगवण चाचणीच्या शेवटच्या दिवशी ओल्या कागदाची गुंडाळी उलगडून दाणे वेगळे करायचे: उगवलेले, वाकडे उगवलेले, कुजलेले. काही दाणे मात्र तसेच टणटणीत असतात. आठ दिवस पाण्यात राहून त्यांनी पाणी घेतलेलंच नसतं. त्यांना मेलेले म्हणायचं नाही असा नियम आहे. त्यांचा रकाना वेगळा, 'कठीण बी'. सातव्या महिन्यातल्या एका गुरुवारी मयूरी गवारीचे असले दाणे चिमट्यानं उचलत असताना, दोन महिन्यांपूर्वी स्वतःही सखी बसवून घेतलेल्या सरोजचा फोन किणकिणला.

"एकोणीस!" सरोज म्हणाली. "बघ गं, पयल्यांदा विसाच्या खाली. तुझा किती आला आज?"

"काय किती?"

"सखीचा आकडा. रोज येत न्हाई का तुला?"

"मला कधीच आला नाही."

"असं कसं? कामून येणार न्हाई? फॉर्मवर नंबर कोणता घातलास?"

चिमट्यात एक दाणा तसाच राहिला. मयूरीला स्वतःचं सुंदर अक्षर दिसलं. मग तिनं तो दाणा योग्य रकान्यात ठेवला, उरलेले त्रेसष्ट मोजले, सही केली, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून डॉक्टर काझींच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी पडद्यावर तिचं खातं उघडलं. "सगळे मेसेज गेलेत की. दोनशे बारा. आणि सगळे वाचलेलेही आहेत."

मयूरीनं यादी वरपासून वाचली. पहिल्या दिवशी अडुसष्ट. सकाळी सात वाजता पाठवला, सात वाजून एक मिनिटानं वाचला. मग रोज तसंच. तिसऱ्या रविवारी एक मेसेज लाल अक्षरात होता. *अस्वस्थता निर्देशांक: ७८. कालावधी: ९ मिनिटे. कृपया रुग्णास विश्रांती द्यावी.* वाचला, दुपारी तीन बेचाळीस.

साखर दोनदा. तीन बेचाळीस.

पुढे आकडे उतरत गेले होते. पन्नास, एकेचाळीस, तीस. दोन महिन्यांपासून विसाच्या खाली. आज सतरा.

"छान प्रगती आहे," डॉक्टर म्हणाल्या, मग मयूरीच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या.

आपण लाजायला हवं, असं मयूरीला वाटलं. सात महिने एक माणूस आपल्या शेजारी बसून जेवत होता आणि त्याच्या खिशात आपलं आतलं सगळं आकड्यांत मांडलेलं होतं. कान तापायला हवे होते. कान तिच्या नेहमीच्या तापमानाला होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक निळी चौकट उघडझाप करत होती. *आपल्यासाठी उपलब्ध: शांत मोड.*

"हे काय?"

डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं. "कंपनी सगळ्यांनाच दाखवते. कर्करोगाच्या उपचारांनंतर काहीजणींना असह्य दुखतं, त्यांच्यासाठी काढलंय. रिंग तिथल्या नसांना गप्प करते. पण नस निवडानिवड करत नाही. दुखणं ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं बाकीचंही येतं. वाट बंद केली की दोन्ही बंद. आणि महिन्याभरानंतर ती वाट पुन्हा उघडेलच याची खात्री नाही."

"आकडा?"

"कायमचा शून्य."

"लावा," मयूरी म्हणाली.

"सतरावर आलाय तुमचा आकडा. तुम्हाला याची गरज नाही, शेजुळबाई."

"बाकीचं माझं आधीच गेलंय, मॅडम. निदान त्यांच्या खिशात तरी शून्य जाईल. रीतसर."

डॉक्टर काझींनी पेन टेबलावर ठेवलं. "माझं मत नको असंच आहे. पण शरीर तुमचं, संमतीही तुमची. मी सांगू शकते, अडवू शकत नाही." त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. पडद्यावर अक्षरं आली: *नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे. वैधता: १० मिनिटे.*

"आधी नंबर बदलून घेतला असता तर?" मयूरीनं विचारलं.

"तेचा ओटीपी बी जुन्याच नंबरवर जातंय," दारातून गवळी मावशी म्हणाल्या. त्या बाबतीत जालना जिल्ह्यात त्यांच्याइतका अधिकारी माणूस नव्हता.

मयूरीनं फोन लावला. पलीकडे वारा होता आणि कुणीतरी ओरडत होतं, "ह्यो खांब माझ्या बांधात हाय, सायेब!"

"अहो, एक ओटीपी आला असेल. तेवढा सांगा."

वारा वाहत राहिला. ओरडणारा माणूस लांब गेल्यासारखा वाटला; म्हणजे विश्वजित त्याच्यापासून लांब चालत निघाला होता.

"मयूरी, 'संवेदना पातळी शून्य' म्हणजे काय?"

"आकडा सांगा ना."

"कुणालाही सांगू नका असं लिहिलंय इथं."

"मी कुणी आहे का?"

"दवाखान्यात आहेस? किती वेळ चालतो हा?"

"दहा मिनिटं."

"आलो," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

"कुठून यायचेत?" मावशींनी विचारलं.

"देऊळगाव राजा रोड."

"सात मिन्टं," मावशी म्हणाल्या. "मोंढ्याच्या बाजारात अडकले न्हाईत तर."

तो सहा मिनिटांत आला. बुटांना काळी माती होती, आणि लाल-पांढरा दांडा ठेवून यायचंही त्याला सुचलं नव्हतं. तो त्यानं गर्भाशयाच्या चित्राला टेकवून उभा केला. डॉक्टर काझींना बाहेर एक काम आठवलं. जाताना त्यांनी गवळी मावशींनाही बरोबर नेलं, ते मात्र जरा जड गेलं.

पडद्यावर तीन मिनिटं वीस सेकंद उरले होते.

विश्वजितनं फोन तिच्यापुढे धरला. "हा घे. आकडा यात आहे. मी अडवणार नाही. फक्त एक विचारतो, मग वाच."

"विचारा."

"माझा नंबर का दिला होतास?"

"सवयीनं."

"सवयीनं?"

"पाठ तोच आहे मला."

विश्वजित तपासणीच्या टेबलाच्या कडेला बसला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजलेल्या माणसाला स्वतःच्या वावराचा नकाशाच चुकीचा निघाल्यावर होईल तसा त्याचा चेहरा झाला होता.

"मला वाटलं, मुद्दाम दिलास."

"मुद्दाम कशाला देईन?"

"तोंडानं सांगवत नसेल म्हणून. पहिला मेसेज आला तेव्हा मी शेतात उभा होतो. मला वाटलं, बावीस वर्षांत हिनं पहिल्यांदा मला काहीतरी सांगितलं. मशीनकडून का होईना." त्यानं बुटाच्या मातीकडे पाहिलं. "मग मी त्याबरहुकूम वागत गेलो."

"साबण तुम्ही बदललात?"

"गुलाब असला की आकडा वाढत होता. खात्री करायला पुन्हा आठ दिवस लावून बघितला. तेवढं चुकलं माझं, आठ दिवस उगाच त्रास झाला तुला."

"आणि रविवार?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं. दोन मिनिटं उरली होती.

"अठ्ठ्याहत्तर, मयूरी," तो म्हणाला. "नऊ मिनिटं. आणि मी विचारलं होतं तुला. तू हो म्हणाली होतीस."

"मी नेहमीच म्हणायचे."

"तेच. मग मी मागचे सगळे मोजायला लागलो. किती रविवार असतील ते. त्यानंतर तुला हात लावायची हिंमत झाली नाही. ठरवलं, आकडा विसाच्या खाली आला की विचारीन."

"दोन महिने झाले खाली येऊन."

"हो."

"मग?"

"मग काय विचारायचं ते सुचेना. 'बरं वाटतंय ना' एवढंच मला विचारता येतं. आणि त्याचं तू काय उत्तर देतेस ते मला माहीत झालं होतं."

मयूरीनं फोन हातात घेतला. सहा आकडे होते, वाचायला तीन सेकंद लागले असते. तेवढ्यात तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"त्या दिवशी चहात दोनदा साखर घातली होती तुम्ही."

"हो का?"

"पाक होता नुसता! घशाखाली उतरत नव्हता. मी प्यायले सगळा. सगळा प्यायले आणि कप विसळून ठेवला!" तिचा आवाज चढला होता. हे तिला जरा उशिरा कळलं, जसा विजेचा गडगडाट मागाहून येतो. "सात महिने! सात महिने तुम्ही पेपर उलटा धरून वाचताय आणि मी समजतेय की मी नको झाले! एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

तिच्या हातातला फोन किणकिणला. दोघांनी खाली पाहिलं. *अस्वस्थता निर्देशांक: ४४. कृपया रुग्णास विश्रांती द्यावी.*

"खाली काही होत नाहीये," मयूरी म्हणाली. "राग आलाय."

"आलेला दिसतो," विश्वजित म्हणाला. "चव्वेचाळीस."

तिला हसू आलं नाही. पण हसायची जागा कुठे असते ते तिला आठवलं. तिथं काहीतरी टोचल्यासारखं झालं, आणि ते शेजारच्या घरात नव्हतं.

पडद्यावर शून्य झालं. *वेळ संपली. ओटीपी पुन्हा पाठवायचा का?* खाली दोन चौकटी होत्या. विश्वजितनं भिंतीकडे तोंड केलं आणि दांडा सरळ करत बसला, तो सरळच होता तरी. मयूरीनं दोन्ही चौकटी नीट वाचल्या. मग 'नाही' वर बोट ठेवलं. बोट थोडं जास्तच जोरात पडलं.

"मावशी!" तिनं हाक मारली. मावशी दारातच होत्या, त्यांना फार लांबून यावं लागलं नाही. "नंबर बदलायचाय. माझा घालायचाय."

विश्वजितच्या फोनवर नवा ओटीपी आला. कुणालाही सांगू नका, असं त्यातही बजावलं होतं. त्यानं फोन मयूरीच्या हातातून घेतला आणि तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला. बाहेर बसलेल्या बायकांनीही ऐकला.

"आता नवा नंबर सांगा, ताई," मावशी म्हणाल्या.

मयूरीनं तोंड उघडलं. पहिला आकडा नऊ होता, याबद्दल तिची खात्री होती. पुढे काही आलं नाही. तिनं पर्समध्ये फोन शोधायला हात घातला, पण त्याआधीच भिंतीकडे तोंड असलेल्या विश्वजितनं दहाच्या दहा आकडे म्हटले. सावकाश, एकेक, हद्दीचे खुंट रोवत जावं तसे.

"पाठ आहे तुम्हाला?" मयूरीनं विचारलं.

"तुला फोन कोण करतं?" तो म्हणाला.

पर्समध्ये फोन किणकिणला. *सखी परिवारात स्वागत. पती अथवा पालक यांची संमती नोंदवण्यात आली आहे.* मयूरीनं तो मेसेज डॉक्टरांना दाखवला. डॉक्टर काझी जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतरचे तीन रविवार काही झालं नाही. दोघं एका पलंगावर आडवे होऊन पंख्याकडे बघत बोलायचे, बहुतेक साबणाबद्दल. मयूरीचा आकडा आता तिच्याच फोनवर यायचा आणि ती तो रोज पाहायचीच असं नाही. आत पुष्कळसं अजून टणटणीतच होतं. फोडणीचा वास मात्र एकदा आला, मोहरी करपली होती तेव्हा.

चौथ्या रविवारी उशाशी डॉक्टरांनी दिलेली जेलची ट्यूब होती. विश्वजितनं तिच्यावरच्या सूचना चष्मा लावून शेवटपर्यंत वाचल्या होत्या, साठवणुकीच्या तापमानासकट. मयूरीनं पंख्याकडे पाहिलं आणि सवयीनं मोजायला सुरुवात केली. ती एकतीसपर्यंत आली होती.

"बरं वाटतंय ना?" विश्वजितनं विचारलं.

तयार 'हो' जिभेवर येऊन बसलाच होता.

"नाही," मयूरी म्हणाली. "थांबा जरा. दुखलं."

तो थांबला. काही विचारलं नाही, चहा करायलाही उठला नाही. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता तिथंच राहिला. पंखा फिरत होता. एकतीसनंतरचे दाणे कुठे सांडले ते तिला कळलं नाही, आणि खांद्यावरचा हात जड आहे, उबदार आहे, तळव्याला दांड्याचा घट्टा आहे, हे तिला बऱ्याच दिवसांनी कळलं.

स्वयंपाकघरात मयूरीचा फोन किणकिणला. जे तिनं आत्ताच सांगितलं होतं, तेच सांगायला सखी मागाहून आली होती. कुणी उठलं नाही.